मगरिबनंतरचं रडणं

नोव्हेंबरातले दिवस होते. मगरिबची अजान झाली की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघू लागायचे. अब्बा टोपी घालून मशिदीकडे निघायचे, अम्मी जानमाज अंथरायच्या, आणि तेवढ्यात पाळण्यातून पहिली कुरकुर ऐकू यायची. पाच मिनिटांत तिचं किंचाळणं व्हायचं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले, पोट दगडासारखं घट्ट. दूध पाजायला घ्यावं तर दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. खांद्यावर घ्यावं तर पाठीची कमान करायची. हे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत चालायचं. मग जणू कुणी बटण बंद करावं तशी गप्प व्हायची आणि झोपायची. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मुन्नी हसतमुख, दूध पिऊन तृप्त. रात्रीचं काही झालंच नव्हतं, अशा थाटात पंख्याकडे बघत पडलेली.

आम्ही नवरा-बायको मिळून हे लिहितोय. एकानं सुरू केलेलं वाक्य दुसऱ्यानं पुरं केलंय, त्यामुळे कुठे 'आम्ही'चा घोळ झाला तर सांभाळून घ्या. आमच्यातल्या बाळंतिणीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

मुन्नी जन्मल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस अगदी शांततेत गेले. अकीक्याला आलेले पाहुणे म्हणायचे, किती गुणी पोर आहे, आवाजसुद्धा नाही. मग तिसऱ्या आठवड्यात हे सुरू झालं आणि घरात जितकी तोंडं तितकी कारणं निघाली. नजर लागली. आईचं दूध जड आहे. दूध पुरत नाही. आईनं अंगावरून वारं घेतलं. डाळ खाल्ली असेल. शेजारच्या भाभी म्हणाल्या, हाताची सवय लावलीत, आता भोगा.

यातली बहुतेक कारणं एकाच माणसावर येऊन थांबत होती, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. आमच्यातली एक मुकाट्यानं एकेक पदार्थ सोडत गेली. आधी डाळ, मग कोबी, मग मटण, मग अंडं. महिन्याच्या शेवटी ती बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि खसखशीच्या खिरीवर आली होती. उठताना भोवळ यायची. आणि मुन्नीचं रडणं तितकंच. आमच्यातला दुसरा दुकान बंद करून यायचा तो मुद्दाम उशिरा, हेही इथे कबूल केलं पाहिजे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, 'गिऱ्हाईक होतं' हे कारण रोज तयारच असायचं.

एका संध्याकाळी हाच दुसरा येताना मेडिकलमधून थेंबाची छोटी बाटली घेऊन आला. चिठ्ठी कुणी मागितली नाही. 'बाळाच्या पोटदुखीवर हेच देतात' असं सांगून बाटली हातात ठेवली. आम्ही पाच थेंब दिले. मुन्नी अर्ध्या तासात झोपली ती सकाळपर्यंत. दुधालासुद्धा उठली नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी महिन्याभरात पहिल्यांदा गरम जेवण एकत्र जेवलं आणि अल्लाहचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी योगायोगानं लसीकरणाचं विचारायला बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे जाणं झालं. बोलता बोलता बाटली दाखवली. त्यांनी ती खिडकीजवळ नेऊन वाचली आणि काही क्षण बोलल्याच नाहीत. त्यात डायसायक्लोमिन होतं. ते आतड्याचं आखडणं सैल करतं खरं, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला द्यायचं नसतं, कारण त्यानं श्वास अडखळल्याच्या, बाळ बेशुद्ध झाल्याच्या घटना झालेल्या आहेत. 'काल झोपली म्हणताय ती झोप नव्हती,' एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही दोघं खुर्चीवर बसून होतो, पण पाय आपले नाहीत असं वाटत होतं.

मग त्यांनी मुन्नीचे सगळे कपडे काढले. अगदी टोपी, मोजे, कमरेचा काळा दोरासुद्धा. टाळूवरून बोट फिरवलं, कान बघितले, तोंडात बॅटरीनं बघितलं, पोट दाबून पाहिलं, जांघेत कुठे गाठ येते का ते पाहिलं. वजन केलं. जन्मताना 2 किलो 900 ग्रॅम होती, पाच आठवड्यांनी 3 किलो 700 ग्रॅम. दिवसाला किती लंगोट ओले होतात ते विचारलं. सात-आठ, आम्ही सांगितलं. उलटी हिरवी होते का? शीमध्ये रक्त? ताप? नाही, नाही, नाही. 'मग दूध कमी पडतंय असं तुम्हाला कोण म्हणालं?' असं विचारून त्यांनी वजनाच्या कागदावर बोट ठेवलं. त्या प्रश्नाला आमच्यातल्या एकीनं उत्तर दिलं नाही, नुसती रडली. डब्याचं दूध आणायचं आदल्याच दिवशी ठरलं होतं.

याला कोलिक म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. मॅडमनी सांगितलं ते असं. 1954 साली मॉरिस वेसल नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं त्याचं एक सोपं माप सांगितलं. चांगलं पोसलेलं, निरोगी बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ असं रडत असेल, तर ते कोलिक. आता डॉक्टर घड्याळ लावून तीन आठवडे थांबत नाहीत, पण ओळखीची खूण म्हणून ते माप अजून सांगितलं जातं. साधारण पाचातल्या एका बाळाला हे होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. आईचं दूध पिणारी आणि वरचं दूध पिणारी, दोन्ही बाळं सारखीच रडतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचे आठवडे मात्र प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे.

आणि कारण? कारण अजून नक्की सापडलेलं नाही. गॅसमुळे बाळ रडतं असं आपण म्हणतो, पण रडताना बाळ हवा गिळतं आणि त्यानं पोट फुगतं, असाही उलटा हिशोब असतो. ब्रेझल्टन नावाच्या दुसऱ्या अमेरिकी डॉक्टरांनी 1962 साली धडधाकट बाळांच्या रडण्याची नोंद आयांकडून ठेवून घेतली, तेव्हा त्यांच्यातही रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत चढत जातं आणि मग उतरतं, असंच दिसलं. म्हणजे सगळीच बाळं त्या वयात जास्त रडतात, काही फारच जास्त रडतात. आम्हाला तर हे ऐकूनच निम्मं बरं वाटलं. आजार नाही, आईचा दोष नाही, आणि याला शेवट आहे.

घरी येऊन हे सगळं अम्मींना सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. त्यांनी चार मुलं वाढवली. सहाण धुऊन ठेवलेली, गुटीची पुरचुंडी तयार. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, खारीक. मॅडमनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही असं सांगितलं होतं, पाणीसुद्धा नाही. मध तर एक वर्षापर्यंत बोटावर घेऊनही चाटवायचा नाही, कारण त्यात असणाऱ्या एका जंतूचं विष लहान बाळाच्या अंगातली ताकदच काढून घेतं. जायफळानं बाळ झोपतं ते गुंगीनं. अम्मी ऐकून घेऊन म्हणाल्या, 'मग तुमचे थेंब कशानं झोपवत होते?' यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यांनी पुरचुंडी उचलून डब्यात ठेवली. शेवटपर्यंत ती बाहेर काढली नाही, हे त्यांच्या मनाचं मोठेपण.

ग्राइप वॉटरची गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. 1851 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहमला विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्यानं ते काढलं. शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर, आणि अल्कोहोल! बाळं शांत का व्हायची ते निराळं सांगायला नको. आता आपल्याकडच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण त्यानं कोलिक थांबतं असंही सिद्ध झालेलं नाही. 'तौबा, तुझ्या नवऱ्यालासुद्धा मी तेच पाजलं होतं,' अम्मी सुनेला म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी रडण्याच्या ऐन वेळेत घरात हसण्याचा आवाज आला.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याची आमच्या घरात हळूहळू एक वाटणी झाली. पोटावर हिंगाचा कोमट लेप अम्मी लावायच्या. मॅडम म्हणाल्या, लावा, फक्त गरम नको आणि तोंडात जायला नको. तव्यावर फडकं तापवून शेकणं बंद केलं, कारण बाळाची कातडी आपल्या हाताला कळायच्या आत भाजते. उदाची आणि ओव्याची धुरी बंद केली. तो धूर इवल्याशा छातीला सोसत नाही. सुरमा बंद, त्यात शिसं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. अब्बा इशाची नमाज पढून आले की मुन्नीला मांडीवर घेऊन दम करायचे. ते कुणी बंद केलं नाही, आणि करायचा प्रश्नही नव्हता. एका लयीत, हळू आवाजात ते पढत राहायचे, आणि ती कधी कधी चक्क गप्प होऊन त्यांच्या दाढीकडे बघायची.

बाळंतिणीनं डाळही खाल्ली, मटणही खाल्लं. मॅडमनी सांगितलं होतं की आईच्या जेवणातून काही काढायची वेळ फक्त बाळाच्या शीत रक्त दिसलं, अंगावर इसब उठलं, तर. तेव्हाही आधी गाईम्हशीचं दूध बंद करून बघतात, आणि तेही डॉक्टरांना विचारून. दवाखान्यातल्या सिस्टरनी पाजायची पद्धत बघून एक चूक दाखवली. मुन्नी नुसतं टोक तोंडात धरत होती, म्हणून दुधाबरोबर हवा गिळत होती. तोंड मोठं उघडू द्यायचं, भोवतालचा काळा भागही आत जाऊ द्यायचा, एक बाजू पुरती रिकामी झाल्याशिवाय दुसरीकडे घ्यायचं नाही, आणि पाजून झाल्यावर ढेकर येईपर्यंत उभं धरायचं. यानं रडणं थांबलं नाही, पण पोटाचं ते दगडासारखं होणं कमी झालं.

रडताना काय करायचं, हे आम्ही करून करून शिकलो. मुन्नीला हाताच्या कोपरापासून पंजापर्यंत पालथं निजवून, डोकं कोपरात आणि पाय दोन्हीकडे लोंबते ठेवून घरभर फिरायचं. हे जागेपणी, झोपवताना मात्र पाठीवरच. मऊ दुपट्यात हात गुंडाळायचे, पाय मोकळे ठेवायचे. दिवे मंद करायचे, टीव्ही बंद करायचा, बघायला येणाऱ्यांना दुपारची वेळ द्यायची. आणि सगळ्यात लागू पडलेला उपाय तर अगदी अचानक सापडला. अम्मी एकदा वैतागून शिलाई मशीनवर बसल्या, उशीचे अभ्रे शिवायचे होते. पायानं मशीन सुरू झालं, त्याची घरघर सुरू झाली आणि मुन्नी गप्प. मशीन थांबलं की रडणं सुरू. त्या महिन्यात आमच्या घरी इतके अभ्रे शिवले गेले की अजून नातेवाइकांना वाटतोय.

हाताच्या सवयीचं म्हणाल, तर एवढ्या लहान बाळाला घेतल्यानं ते बिघडत नाही. आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटात !कुंग लोकांच्या आया बाळाला दिवसभर अंगाशी बांधून हिंडतात. त्यांच्या बाळांचंही रडणं त्याच वयात वाढतं, फक्त प्रत्येक वेळी ते लवकर आटोपतं. हे मॅडमनी सांगितलं ते आम्ही शेजारच्या भाभींना जसंच्या तसं ऐकवलं. त्यांना काही पटलं नाही.

चाळिसावा दिवस. घरात नातेवाईक, बिर्याणीचं पातेलं, पोरांचा गोंधळ. मुन्नी पाचलाच सुरू झाली आणि दहापर्यंत थांबली नाही. प्रत्येक जण दोन मिनिटं घेऊन काहीतरी सुचवून परत आमच्याकडे द्यायचा. पाहुणे गेल्यावर मधल्या खोलीत आमच्यातला एक तिला घेऊन एकटाच होता. ती रडत होती, आणि त्याच्या हातांची पकड घट्ट झाली. 'गप बस' म्हणून त्यानं तिला समोर धरलं, हात आखडले. पुढच्या क्षणी काय झालं असतं ते त्याला माहीत आहे. मॅडमनी हेच सांगितलं होतं, एक जोराचा हिसका पुरतो. बाळाची मान डोकं सावरू शकत नाही, मेंदूत रक्तस्राव होतो, बाळ आंधळं होतं, दगावतंसुद्धा. 'तशी वेळ आली तर तिला पाठीवर पाळण्यात ठेवा, दार लावा आणि दहा मिनिटं बाहेर जा. रडून बाळ मरत नाही.' त्यानं तिला पाळण्यात ठेवलं. ओट्यावर जाऊन बसला. दहा मिनिटांनी आत आला तेव्हा ती रडतच होती, त्याचे हात मात्र शांत झाले होते.

हे त्यानं बायकोला सांगितलं ते दोन दिवसांनी. तिनं ऐकलं आणि म्हणाली, 'मलाही एकदा झालं होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला.' त्या रात्रीपासून आम्ही पाळी लावली. मगरिब ते इशा एक, इशानंतर दुसरा, ज्याची पाळी नाही त्यानं घराबाहेर पडायचं किंवा झोपायचं, कान देऊन बसायचं नाही. दुकान साडेसहाला बंद. आणि बाळंतिणीला आई नाही, ती उणीव अम्मींनी त्या महिन्यात पहाटेचं पाजणं झाल्यावर मुन्नीला स्वतःकडे घेऊन भरून काढली. तीन तास सलग झोप म्हणजे काय, ते बाळंतीणच जाणे. मॅडमही दर वेळी मुन्नीच्या आधी तिलाच विचारायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नको वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला एकदा तिनं उत्तर द्यायला वेळ लावला, आणि त्या दिवशी मॅडम अर्धा तास तिच्याशीच बोलल्या.

दहाव्या आठवड्यात रडणं दीड तासावर आलं. मग तासावर. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मगरिब झाली, अब्बा परत आले, इशाची अजान झाली, आणि कुणालाच काय करावं सुचेना. अम्मी दोनदा उठून पाळण्यात वाकून बघून आल्या.

आणि नेमकं त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, मुन्नी रडू लागली. आम्ही म्हणालो, परत सुरू झालं. पालथं धरलं, गुंडाळलं, मशीन चालवलं. नाही. रडणं तसंच, पण सूर निराळा. वर चढलेला, न थांबणारा. आम्ही तरी कोलिकच म्हणत होतो. त्या शब्दाची आम्हाला इतकी सवय झाली होती की दुसरं काही सुचतच नव्हतं. अम्मी नमाजची तयारी सोडून आल्या. म्हणाल्या, 'ही वेळ तिची नाही. कपडे काढा.' थंडी म्हणून लोकरीचे मोजे घातले होते. उजवा मोजा काढला तर पायाचं दुसरं बोट सुजलेलं, जांभळं. मुळाशी एक बारीक रेघ. केस होता. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आईचे केस मूठमूठ गळतात. त्यातला एक मोज्यात गेला होता आणि बोटाभोवती आवळला होता.

घरी हात न लावता रिक्षानं थेट दवाखान्यात. मॅडमनी भिंगाखाली बारीक कात्रीनं तो कापून काढला. दोन तुकडे होते, कातडीत रुतलेले. अजून उशीर झाला असता तर रक्त न पोहोचून बोट गेलं असतं. अम्मी बाहेर बाकावर बसून होत्या. मॅडमनी बाहेर येऊन त्यांना विचारलं, 'तुम्ही ओळखलंत?' अम्मी म्हणाल्या, 'तुम्हीच पहिल्या दिवशी तिचे मोजेसुद्धा काढले होते. मला तेव्हा वाटलं, एवढ्या थंडीत कशाला.'

म्हणून कोलिक असलेल्या बाळाच्या घरी आम्ही एवढं आवर्जून सांगतो. रोजच्या वेळेचं, रोजच्या सुराचं रडणं सोसता येतं. पण वेळ किंवा सूर बदलला, अंग गरम लागलं (तीन महिन्यांच्या आत थर्मामीटरवर 100.4 म्हणजे लगेच डॉक्टर, रात्र असली तरी), उलटी हिरवी झाली, शीत रक्त दिसलं, टाळू फुगली, जांघेत गाठ आली, लंगोट कोरडे राहू लागले, दूध नकोच म्हणू लागली किंवा रडायचं सोडून मलूल पडली, तर तेव्हा मशीन चालवत बसायचं नाही.

मुन्नी आता दोन वर्षांची आहे. भरपूर बोलते, रडते त्याहून कमी. मागच्या आठवड्यात पुण्याहून नणंदेचा फोन आला. तिचं बाळ एक महिन्याचं झालंय. संध्याकाळी पावणेसात वाजले होते, आणि फोनमधून मागे जो आवाज येत होता तो आम्ही दोघांनी एकदम ओळखला. आम्ही विचारायला लागलो, ताप बघितलास का, लंगोट किती, उलटीचा रंग काय. अम्मींनी फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, 'ते सगळं नंतर सांग. आधी मोजे काढ.'